भीती एका गोळीची, धोका दुसऱ्या गोळीचा

वाचकाचं पत्र :

आमचे मिस्टर ५१ वर्षांचे आहेत. नारायणगावजवळून वाशी मार्केटला भाजीपाल्याचा टेम्पो घेऊन जातात. रात्री दहाला निघतात, माळशेज घाट उतरून तीनच्या सुमारास पोचतात, माल उतरवून सकाळी साडेआठला घरी येतात. मग दुपारी दोनपर्यंत झोप. महिन्यापूर्वी शुगर निघाली : उपाशीपोटी १८६, जेवणानंतर २७४, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची शुगर दाखवणारी तपासणी) ८.९. किडनीचा रिपोर्ट चांगला आहे. उंची पाच फूट सहा इंच, वजन ६४ किलो, म्हणजे अंगानं बारीकच, थोडं पोट आहे एवढंच. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा जेवणानंतर आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम सकाळी नाश्त्याआधी लिहून दिली. मोठ्या गोळीनं चौथ्या दिवशी जुलाब लागले, गाडीवर फार हाल झाले, म्हणून ती त्यांनी बंद केली. शेजारचेही म्हणाले, ती किडनी घालवते. छोटी गोळी चालू आहे. सकाळी आल्यावर झोपायचं असतं म्हणून ती ते रात्री निघताना चहा-खारीबरोबर घेतात, जेवण पुढे ढाब्यावर करतात. गेल्या आठवड्यात घाटात हात थरथरले, दरदरून घाम फुटला. गाडी बाजूला घेऊन बिस्किटं खाल्ली, मग बरं वाटलं. घरी मशीन आणलंय, पण एकदा १६८ दाखवतं आणि लगेच दुसऱ्यांदा १८७. मग विश्वास कशावर ठेवायचा? दिवसातून किती वेळा तपासायचं? त्यांचा गुरुवारचा उपवास असतो, तो चालेल का? आणि कारल्याचा रस सुरू करू का?
— एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर :

ताई, पुढचं सगळं नंतर वाचा, आधी डॉक्टरांना फोन लावा. घाटात जे झालं ती शुगर एकदम खाली गेल्याची लक्षणं आहेत, आणि हे आज रात्रीही पुन्हा होऊ शकतं. फोनवर तीन गोष्टी सांगा : यजमान रात्रभर गाडी चालवतात, ग्लिमेपिराइड ते निघताना जवळजवळ रिकाम्या पोटी घेतात, आणि मेटफॉर्मिन त्यांनी बंद केली आहे. चिठ्ठीवर ‘सकाळी नाश्त्याआधी’ लिहिलं, ते सकाळी उठून दिवसा काम करणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून. तुमच्या घरची सकाळ दुपारी दोनला होते, हे सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळणार नाही. त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत ती छोटी गोळी घेऊन यजमानांनी स्टिअरिंगवर बसू नये. एक दिवस गोळी चुकल्यानं शुगर थोडी चढेल, त्यानं लगेच काही बिघडत नाही. घाटात ती उतरली तर काय होईल हे तुम्हाला सांगायला नको.

दोन्ही गोळ्यांचा आकार बघून घरात समज उलटा झाला आहे. मोठी ती भारी आणि छोटी ती सौम्य, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात जपून घ्यायची गोळी आहे ती छोटी.

मेटफॉर्मिन काय करते ते बघा. आपलं यकृत पोट रिकामं असतानाही रक्तात साखर सोडत राहतं. मधुमेहात हे सोडणं गरजेपेक्षा जास्त होतं, म्हणून रात्रभर काही न खाता सकाळी १८६ येते. मेटफॉर्मिन हा नळ थोडा आवळते आणि शरीराला स्वतःचं इन्सुलिन नीट वापरायला मदत करते. ती इन्सुलिन वाढवत नाही, म्हणून एकटी घेतली तर शुगर धोक्याइतकी खाली नेत नाही. १९५७ साली फ्रान्समध्ये जाँ स्टर्न या डॉक्टरांनी ती मधुमेहासाठी वापरली, तेव्हापासून ती वापरात आहे. इतक्या वर्षांत तिचे गुणदोष चांगले माहीत झालेले आहेत.

ग्लिमेपिराइडचं काम वेगळं. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि पोटात अन्न आहे की नाही हे ती बघत नाही. गोळी घेतल्यावर साधारण दोन-तीन तासांत तिचा जोर सर्वांत जास्त असतो आणि अंमल दिवसभर राहतो. आता तुमच्या घरचं वेळापत्रक मांडून बघा : नऊ-साडेनऊला गोळी, सोबत चहा आणि दोन खाऱ्या, दहाला प्रयाण, साडेअकरा-बाराला घाट. गोळीचा जोर आणि घाटाची वळणं एकाच वेळी येतात, आणि जेवण मात्र अजून ढाब्यावर आहे. ही गोळी दिवसातल्या पहिल्या भरपेट जेवणाच्या सुरुवातीला घ्यायची असते. यजमानांच्या दिवसात ते जेवण दुपारी अडीचचं. डॉक्टर वेळ बदलून देतील, किंवा रात्रीचं ड्रायव्हिंग कळल्यावर गोळीच बदलतील. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गटातल्या गोळ्या रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच इन्सुलिनला हात देतात, त्यामुळे त्यांनी शुगर अशी घसरण्याचा धोका फार कमी. त्या सगळ्यांना चालतात असं नाही, पण ड्रायव्हरच्या बाबतीत हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा असा आहे.

एक गोष्ट दुकानात लक्षात ठेवा. पुढे कधी दोन्ही औषधं एकाच गोळीत आली तर नावापुढे १ किंवा २ असा आकडा असतो. तो बहुतेक वेळा ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम सांगतो. दुकानदारानं ‘१ संपलीय, २ न्या, सारखीच आहे’ म्हटलं तर घेऊ नका. ती दुप्पट आहे.

आता जुलाबाचं. मेटफॉर्मिननं सुरुवातीला मळमळ, पोटात गुडगुड, पातळ शौच, तोंडाला धातूसारखी चव हे पुष्कळांना होतं. बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत थांबतं. त्रास वाढतो तो बहुधा दोन कारणांनी : डोस एकदम पूर्ण सुरू केला, किंवा गोळी जेवणापासून लांब घेतली. डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करताना दिवसातून एकच, ५०० ची, दुपारच्या मोठ्या जेवणात घ्यावी. जेवण झाल्यावर अर्ध्या तासानं नाही. अर्धी भाकरी झाली की गोळी, मग उरलेलं जेवण. सात दिवस पोट शांत राहिलं तर रात्रीच्या जेवणात दुसरी. तरीही त्रास झाला तर एसआर किंवा एक्सआर लिहिलेला, हळूहळू विरघळणारा प्रकार मिळतो, तो पोटाला बराच सुसह्य असतो. ती गोळी मोडायची नाही, चावायची नाही, कुटायची तर नाहीच. मोडली की हळू विरघळायची सोयच जाते. कधी शौचातून गोळीचं रिकामं टरफल पडलेलं दिसतं. औषध शोषलं जाऊन फक्त आवरण बाहेर आलेलं असतं, घाबरू नका.

किडनीबद्दल शेजाऱ्यांचा गैरसमज कुठून येतो तेही सांगतो. मेटफॉर्मिन शरीराबाहेर जाते ती किडनीवाटे. किडनी आधीच दुबळी असेल तर औषध अंगात साठतं, म्हणून रिपोर्टमधला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते तो आकडा, ४५ च्या खाली गेला की डॉक्टर डोस कमी करतात आणि ३० च्या खाली गोळी बंद करतात. लोकांना दिसतं ते एवढंच, की किडनीच्या पेशंटची मेटफॉर्मिन बंद झाली. त्यावरून गोळीनंच किडनी गेली, असा निष्कर्ष निघतो. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं चढलेली साखर आणि चढलेलं ब्लडप्रेशर. यजमानांचा रिपोर्ट चांगला आहे. वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करत राहा. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं, किंवा डाय टोचून सीटी स्कॅन करायची वेळ आली, तर मेटफॉर्मिन काही दिवस थांबवावी लागू शकते. हे डॉक्टरांना आधी विचारा. दारू दोन्ही गोळ्यांशी वाईट जुळते, ग्लिमेपिराइडशी तर जास्तच. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतली की बी१२ कमी पडू शकतं, विशेषतः शाकाहारी माणसात. पाय बधिर वाटू लागले तर नुसतं ‘शुगरमुळे असेल’ म्हणून सोडू नका, बी१२ तपासा.

शुगर खाली गेली तर काय करायचं, हे तुम्हा दोघांना आणि गाडीवरच्या क्लीनरलाही पाठ असू द्या. थरथर, घाम, धडधड, एकदम भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे धूसर होणं, बोलताना गोंधळणं ही लक्षणं. गाडीवर असेल तर पहिलं काम गाडी कडेला घेऊन किल्ली बंद करणं. मशीन हाताशी असेल तर मोजा, नसेल तर मोजायच्या नादाला न लागता उपाय करा. मशीनवर ७० च्या खाली आलं की उपाय करायचाच. ५४ च्या खाली म्हणजे धोका मोठा. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्यायची, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर पोटात जाते. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच पुन्हा घ्या. बिस्किटं, पेढा, चॉकलेट, दूध हे त्या क्षणाचं औषध नाही. त्यातल्या तुपा-तेलामुळे आणि पिठामुळे साखर रक्तात सावकाश पोचते. यजमानांना बिस्किटांनी बरं वाटलं, पण बहुधा त्याला पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. साखरेनं सावरल्यावर मात्र पोटभर काही खायलाच हवं, कारण ग्लिमेपिराइडचा अंमल अजून चालू असतो आणि शुगर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. शुगर पूर्ववत झाल्यानंतरही निदान पाऊण तास गाडी हलवायची नाही. आकडा सुधारला तरी डोकं आणि हात पूर्ण ताळ्यावर यायला तेवढा वेळ लागतो.

माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

पुढे कधी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी आली तर वरच्या सल्ल्यात एक बदल आहे. ही औषधं साध्या साखरेचं आतड्यात विघटन होऊ देत नाहीत, त्यामुळे साखरेचं पाणी वेळेवर काम करत नाही. तेव्हा ग्लुकोज पावडरच लागते. म्हणून आत्तापासूनच केबिनमध्ये ग्लुकोजच्या पुड्या ठेवायची सवय लावा.

ग्लिमेपिराइड चालू राहिली तर रात्री निघण्याआधी मोजणं आणि वाटेत दर दोन तासांनी थांबून मोजणं हे निदान पहिले काही आठवडे तरी टाळता येणार नाही. निघताना आकडा ९० च्या खाली असेल तर आधी एखादी पोळी किंवा केळं खाऊन मग निघायचं. ७० च्या खाली असेल तर निघायचंच नाही. मार्केटला उशीर झाला तरी चालेल. आणि रात्रीचं जेवण घरून करूनच निघावं. ढाब्यावर तासाभरानं बघू, असं या गोळीबरोबर जमत नाही.

आता मशीन. १६८ आणि लगेच १८७ आलं म्हणून ते खोटं ठरत नाही. घरगुती ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात १०० च्या वरच्या शुगरला प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडेतिकडे मान्य आहे. खरी शुगर १७७ असेल तर १५० पासून २०३ पर्यंतचा कुठलाही आकडा मशीन नियमात राहून दाखवू शकतं. १०० च्या खाली ही मोकळीक १५ अंकांची आहे. त्यामुळे १६८ आणि १८७ हे एकच उत्तर समजा. १६८ आणि २६० आलं असतं, तर काहीतरी चुकलंय असं म्हटलं असतं.

प्रयोगशाळेशी ताळा करताना आणखी दोन गोष्टी. जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर दंडाच्या शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त असते, वीस-तीस अंकांनीही. म्हणून तुलना उपाशीपोटीच्या रक्ताची करा : लॅबवाले शिरेतून रक्त घेतील त्याच पाच मिनिटांत आपल्या मशीनवर बोटातून मोजा. दुसरं, नळीत पडून राहिलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात, दर तासाला पाच ते सात टक्के कमी होऊ शकते. गावात रक्त घेऊन दुपारी तालुक्याला पाठवत असतील तर ते फ्लोराइडच्या, राखाडी बुचाच्या नळीत घेतात का, एवढं बघा.

आकडा सर्वांत जास्त बिघडवतात ते हात, आणि मग रक्ताचा थेंब घेणाऱ्या मशीनच्या पट्ट्या. द्राक्षं, आंबा, केळं, गूळ हाताळून तसंच बोट टोचलं तर चामडीवरची साखर थेंबात मिसळते आणि शंभराच्या जागी दोनशे येऊ शकतं. यजमानांच्या हाताला माल उतरवताना काय काय लागतं हे तुम्हाला माहीतच आहे. साबणानं हात धुवायचे, शक्यतो कोमट पाण्यानं, आणि कोरडे पुसायचे; ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन आकडा खाली येतो. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलंच तर पूर्ण वाळू द्या. वाटेत पाणी मिळालं नाही तर पहिला थेंब कापसानं पुसून दुसरा वापरा.

टोचताना बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचा. तिथे दुखतं कमी आणि रक्त येतं चांगलं. मधलं बोट किंवा अनामिका बरी, रोज बोट बदला. टोचणीच्या पेनवर खोलीचे आकडे असतात. दोन-तीनवर सुरुवात करा. स्टिअरिंगनं घट्टे पडलेल्या हाताला कदाचित चार लागेल. टोचण्याआधी हात खाली सोंडेसारखा सैल सोडून अर्धा मिनिट झुलवा, तळव्याकडून बोटाकडे चोळत या. टोचल्यावर टोक पिळून पिळून रक्त काढू नका. पिळलं की पेशींमधलं पाणी रक्तात मिसळतं. पट्टी मशीनमध्ये आधीच सारून ठेवायची, थेंब ज्वारीच्या दाण्याएवढा झाला की पट्टीची कड त्याला नुसती टेकवायची. ती आपण होऊन रक्त ओढते. पट्टीवर वरून थेंब सोडायचा नाही, आणि कमी पडला म्हणून दुसरा थेंब जोडायचा नाही. ती पट्टी फुकट गेली असं समजून नवी घ्या. आकडा काही सेकंदांत येतो. ‘एलओ’ आलं तर शुगर यंत्राच्या तळाखाली आहे, ‘एचआय’ आलं तर त्याच्या डोक्यावर. ‘एलओ’ आणि सोबत लक्षणं असतील तर वर सांगितलेला साखरेचा उपाय लगेच करा. एरवी हात धुऊन पुन्हा मोजा, तेच आलं तर न थांबता ‘एलओ’ला साखर घ्या, ‘एचआय’ला डॉक्टरांना गाठा.

पट्ट्यांचा शत्रू म्हणजे दमट हवा आणि उष्णता. त्यांची डबी आतून ओलावा शोषणारी असते, म्हणून पट्टी काढली की झाकण त्याच क्षणी लावायचं. पाचसहा पट्ट्या कागदात गुंडाळून खिशात ठेवणं बंद. पावसाळ्यात घाटात ढग केबिनमध्ये शिरतात, तिथे उघडी डबी रात्रभरात खराब होईल. उन्हाळ्यात डॅशबोर्डवर ठेवली तर भाजून निघेल. बहुतेक कंपन्या ३० अंशांपर्यंतच ठेवा म्हणतात. फ्रिजही नको, बाहेर काढल्यावर पाणी धरतं. जेवणाच्या डब्याच्या कापडी पिशवीत, सीटमागे सावलीत, हे बरं. डबी उघडल्याची तारीख पेनानं तिच्यावर लिहा. उघडल्यावर किती महिने चालते ते डबीवर छापलेलं असतं आणि छापील एक्सपायरीपेक्षा ते आधी येतं. थंडीत पहाटे मशीन थर्मामीटरची खूण दाखवून काम नाकारतं, तेव्हा ते दहा मिनिटं शर्टाच्या आत धरून पुन्हा लावा. काही मशीनना प्रत्येक नव्या डबीबरोबर कोड किंवा चिप बदलावी लागते. तुमचं तसं असेल आणि ते राहून गेलं असेल तर सगळेच आकडे सरकलेले असणार.

वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, घंटागाडीवाल्याच्या हाताला लागते. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, भरली की दवाखान्यात द्या. आणि ‘माझीही बघू’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना तेच टोचणीचं पेन देऊ नका, सुई बदलली तरी. पेनाच्या टोपणाला लागलेल्या रक्तातून कावीळ बी पसरू शकते.

किती वेळा तपासायचं, हा तुमचा प्रश्न पट्टीच्या किमतीचाही आहे. एक पट्टी पंधरा-पंचवीस रुपयांना पडते, त्यामुळे मनात आलं की बोट टोचलं, असं परवडत नाही आणि त्यातून कळतही काही नाही. तुमच्याकडे १४२, २३१, १९८ असे सुटे आकडे असतील. कशानंतर किती वेळानं, हे लिहिलेलं नसेल तर डॉक्टर त्यावर औषध ठरवू शकत नाहीत. आकडे जोडीनं घ्या : जेवणाच्या आधी एक आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी दुसरा. हात धुतल्यापासून नाही, जेवण संपल्यापासूनही नाही, पहिल्या घासापासून.

यजमानांच्या दिवसात अशा तीन जागा आहेत. सोमवारी दुपारी उठल्यावर चहाच्या आधी, आणि अडीचच्या जेवणानंतर साडेचारला. बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी आणि त्यानंतर दोन तासांनी. म्हणजे आठला जेवले तर दहाला, निघतानाच. शनिवारी सकाळी घरी आल्यावर नाश्त्याआधी. नाश्त्यानंतरचा आकडा घेण्यासाठी मात्र झोप मोडू नका, तो सुटीच्या दिवशी घ्या. निघतानाचं सुरक्षेचं मोजमाप याशिवाय. असे चार आठवडे झाले की चित्र पुरेसं स्पष्ट होतं. मग औषध आणि आकडे स्थिर असतील तर आठवड्याला एक-दोन जोड्या पुरतात. ग्लिमेपिराइड बदलून दुसरी गोळी आली तर रस्त्यावरची तपासणीही डॉक्टरांना विचारून कमी करता येईल.

एक फरक लक्षात घ्या. लॅबचं ‘उपाशीपोटी’ म्हणजे आठ तास काही न खाता. यजमान साडेआठला नाश्ता करून दोनला उठतात, तो आकडा उपाशीपोटीचा नाही, ‘उठल्यावरचा’ आहे. वहीत तसंच लिहा. लॅबची तपासणी दोन-तीन दिवसांच्या सुटीत, रात्री नीट झोपून करावी.

वही साधी दोनशे पानी पुरे. तारीख, वेळ, आकडा, काय खाल्लं, गोळी घेतली का, आणि काही वेगळं घडलं असेल तर ते. ‘जेवण’ एवढंच लिहू नका. ‘दोन बाजरीच्या भाकरी, मटकीची उसळ, भात मोठा वाडगा’ असं लिहा. समजा, त्या दिवशी आधी १३२ आणि नंतर २१४ आलं, तर ८२ नं चढली. दुसऱ्या दिवशी तीच उसळ दुप्पट, भाकरी एक, भात नाही, आणि १३८ वरून १७६, म्हणजे ३८ नं. औषध तेच, माणूस तोच. आहाराचे सगळे सल्ले बाजूला ठेवून यजमानांना ही दोन पानं दाखवा, त्यांना स्वतःचं ताट त्यात दिसेल. चढ साधारण चाळीस-पन्नासच्या आत राहिला तर चांगलं. एकंदर उद्दिष्ट बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३०, दोन तासांनी १८० च्या आत आणि एचबीएवनसी ७ च्या आत असं धरतात. रात्री गाडी चालवणाऱ्याला डॉक्टर खालची मर्यादा थोडी वर ठेवायला सांगू शकतात.

८.९ एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सुमारे २०९. ही तपासणी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून उपयोग नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर ती मोजते आणि पेशी बदलायला तेवढा काळ लागतो. लोह कमी असेल तर आकडा खोटा वर जातो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर भरवसा ठेवता येत नाही. तो जास्त आढळणाऱ्या विदर्भ आणि नंदुरबारकडच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं. अशा वेळी घरच्या जोड्यांवरच जास्त विसंबावं लागतं.

गुरुवारचा उपवास. मेटफॉर्मिन एकटी चालू असेल तर उपवासाच्या एकाच खाण्याबरोबर एक गोळी घेऊन दिवस निघतो. ग्लिमेपिराइड असेल तर उपवासाच्या दिवशी तिचं काय करायचं हे डॉक्टरांकडून आधी चिठ्ठीवर लिहून घ्या, बहुतेक वेळा ती त्या दिवशी टाळायला किंवा खाण्याबरोबर घ्यायला सांगतात. दिवसभर काही न खाता गोळी आणि रात्री ड्रायव्हिंग, हे कुठल्याही परिस्थितीत नको. आणि उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी केली तर लक्षात घ्या, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. भाकरीपेक्षा शुगर जास्त वेगानं चढवेल. थोडी भगर, भरपूर दाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर असं केलं तर चढ कमी येईल. एका गुरुवारी खिचडीची आणि दुसऱ्या गुरुवारी भगरीची जोडी घेऊन स्वतःच बघा.

कारल्याची भाजी खुशाल करा. रस मात्र गोळीच्या जागी देऊ नका, आणि गोळीबरोबर रोज पेलाभर सुरू करायचा असेल तर डॉक्टरांना सांगूनच. कारल्यानं शुगर थोडी उतरू शकते, आणि ग्लिमेपिराइडच्या जोडीला ती थोडीही नको तेव्हा उतरेल. नाव-गाव नसलेल्या पुड्या आणि ‘मुळासकट बरा करतो’ म्हणणारी चूर्णं तर घरात आणूच नका. अशा पुड्यांत ॲलोपॅथीच्या शुगरच्या गोळ्याच कुटून घातलेल्या सापडल्या आहेत. मग एकाच औषधाचा दुप्पट डोस पोटात जातो आणि कुणालाच कळत नाही.

बारीक असूनही मधुमेह कसा, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रात ते जाणवतं. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा उंची-वजनाचा बीएमआय सारखाच, २२ च्या आसपास. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडच्या बारीक माणसात स्नायू कमी आणि पोटाच्या आत चरबी जास्त असू शकते. यजमानांचा बीएमआय २३ च्या जरा आत आहे, म्हणून ‘वजन कमी करा’ हा सल्ला त्यांना फारसा लागू नाही. पोटाचा घेर कमी आणि मांड्या-दंडांचे स्नायू वाढणं हे त्यांना हवं. उठल्यावर अर्धा तास चढाचं चालणं आणि एक दिवसाआड उठाबशा, इतकं पुरेसं आहे. मात्र न ठरवता वजन झपाट्यानं उतरू लागलं, तहान-लघवी वाढली, आकडे गोळ्या घेऊनही तीनशेच्या वर राहिले तर बारीक माणसात इन्सुलिनच कमी पडत असण्याची शक्यता तपासावी लागते. त्यातच उलट्या, जोरजोरात श्वास किंवा गुंगी आली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

गोळी कायमची का? काहींची कमी होते, काहींची वाढते. ते तीन-तीन महिन्यांच्या आकड्यांवर ठरतं, आणि कमी करायची असली तरी डॉक्टर कमी करतात. आकडे चांगले आले म्हणून गोळी आपण होऊन सोडली तर ते आकडे टिकत नाहीत, कारण ते गोळीमुळेच आलेले असतात.

या महिन्यात आणखी एक काम करून घ्या : डोळ्यांत थेंब टाकून पडद्याची तपासणी. शुगर कळायच्या आधी ती बरीच वर्षं अंगात असू शकते, म्हणून ही तपासणी पहिल्याच महिन्यात करतात, आणि रात्री गाडी चालवणाऱ्याची तर नक्कीच. थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, त्या रात्रीची फेरी रद्द ठेवा. नवा चष्मा मात्र लगेच करू नका. साखर चढलेली असताना डोळ्यातलं भिंग फुगलेलं असतं. ती उतरू लागली की नंबर काही आठवडे बदलत राहतो, लांबचं किंवा जवळचं अचानक धूसर वाटतं. आकडे महिना-दीड महिना एका जागी स्थिरावले की मग नंबर काढा.